ट्रॉली जोडण्याआधी रस्ता

गळीत हंगाम तोंडावर आला की अहमदपूर परिसरात ट्रॅक्टरचं इंजिन तपासलं जातं, टायरची हवा पाहिली जाते; रस्ता मात्र सहसा कुणी पाहून येत नाही. मला हे धोक्याचं वाटतं. लातूर-नांदेड महामार्ग कितीही चांगला असला, तरी ऊस भरला जातो फडात, आणि तिथून महामार्गापर्यंतची वाट बरेचदा काळ्या मातीवरची. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. वरचं डांबर खचतं, साइडपट्टी वीतभर खाली जाते. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ते सगळं वजन ट्रॅक्टरला पुढे रेटतं; एक चाक साइडपट्टीवर उतरलं की मागची ट्रॉली कलंडते.

चालक म्हणतात, रस्ता पाठ आहे. पण पाठ असतो तो गेल्या हंगामातला; मधे अख्खा पावसाळा गेलेला असतो. खेप बुडेल, हा आक्षेप मात्र खरा, कारण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. तरी मोटारसायकलवर दिवसाउजेडी एक फेरी पुरते: मोऱ्यांचे कठडे, लोंबत्या विजेच्या तारा, वळणावरचे खड्डे पाहायचे. आणि हा भार एकट्या चालकावर नको. कारखान्याच्या शेतकी विभागाने ऊसतोडीच्या कार्यक्रमाबरोबरच वाटा पाहाव्यात, खचलेल्या साइडपट्टीवर पहिली ट्रॉली निघण्याआधी मुरूम टाकून घ्यावा.