थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?

माहुलच्या दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येतं: "डॉक्टर, इथली हवाच अशी, अंगात ताकदच राहत नाही." तक्रार खोटी नाही. रिफायनऱ्या अगदी शेजारी आहेत आणि इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१५ साली म्हटलं होतं. खोकला, दम लागणं, डोळ्यांची जळजळ यांसाठी मीही आधी हवेकडेच बोट दाखवतो. पण प्रत्येक थकव्याचं खापर हवेवर फोडलं, की रक्ताच्या एका तपासणीत कळणारा आजार वर्षानुवर्षं तसाच राहतो.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली छोटी ग्रंथी. तिचं हार्मोन शरीराचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की थकवा, थंडी न सोसणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव असे त्रास होतात. जास्त झालं की धडधड, हातांना कंप, घाम आणि भूक असूनही घटणारं वजन. टीएसएच मात्र थायरॉईडचं हार्मोन नाही. ती मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीची हाक आहे. थायरॉईड मंदावली की हाक मोठी होते, म्हणून टीएसएच वाढतो.

आता शीर्षकातला प्रश्न. गेल्या वर्षी इथल्याच एक ताई आल्या. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्यांनी गोळी सोडली होती. "पंधरा दिवस काहीच झालं नाही, म्हणजे बरी झाले ना?" त्यांचा तर्क चुकीचा वाटत नाही, पण शरीराचा हिशोब वेगळा असतो. या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. साठा हळूहळू संपतो आणि त्रासही सावकाश परततो. ताई आल्या तेव्हा तीन महिने झाले होते, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, आणि कोलेस्टेरॉलही वाढलेलं. रिपोर्ट नॉर्मल आला होता तो गोळीमुळे. तुमची ग्रंथी जे बनवू शकत नाही, ते गोळी पुरवते. चष्मा लावून स्वच्छ दिसतं म्हणून आपण चष्मा फेकून देत नाही. काहींची गोळी पुढे खरोखर बंद होते, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर तात्पुरता बिघडलेला थायरॉईड. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा आणि नाश्ता त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. सकाळी पाणी भरायला उठता, तेव्हाच घेतली तर वेळ आपोआप जमते. ही गोळी आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांमध्ये चार तासांचं अंतर हवं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलेला रिपोर्ट फसवतो.

उलटंही सांगतो. टीएसएच थोडासा वाढलेला आणि टी४ नॉर्मल असेल, तर बऱ्याचदा गोळी लागत नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. पंधरा किलो वजन वाढलं असेल, तर ते सगळं थायरॉईडच्या नावावर टाकू नका. आणि हौसेने आणलेलं गुलाबी मीठ आयोडीनयुक्त आहे का, ते पाकिटावर वाचा.

हार्मोन जास्त असणाऱ्या काहींना किरणोत्सारी आयोडीन देतात. नाव ऐकूनच माणसं घाबरतात. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे काम करतं आणि त्यासाठीचं आयोडीन आपल्या शेजारच्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होत आलं आहे. औषध तोंडाने घ्यायचं असतं, कापाकापी नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना मात्र ते अजिबात देत नाहीत.

गरोदरपणाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिले सुमारे तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नाही, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर होते. घरातली सून किंवा लेक ही गोळी घेत असेल आणि "पोटात बाळ आहे, औषधं नकोत" म्हणून कुणी ती बंद करायला सांगत असेल, तर ऐकू नका. उलट या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो. चाचणी पॉझिटिव्ह आली की सोनोग्राफीची वाट न पाहता त्याच आठवड्यात टीएसएच करून डॉक्टरांना भेटा, आणि तोपर्यंत गोळी एकही दिवस चुकवू नका.