निळसर झाक

स्टायरिन पाण्यात विरघळत नाही, असं आपण कॉलेजात शिकतो. खरं म्हणजे किंचित विरघळतं, साध्या तापमानाला लिटरमागे सुमारे ०.३ ग्रॅम, आणि आमचा सगळा कारभार त्या किंचितपणावर चालतो.

साबण न घालता पॉलिस्टायरिनचे एकसारख्या आकाराचे कण करायचे, हे माझं काम. आधी स्टायरिन कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन त्यातला इनहिबिटर काढायचा. मग फ्लास्कमध्ये पाणी, त्यावर स्टायरिन, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलायचा आणि ७० अंशांवर स्टिरर चालू ठेवायचा. शेवटी पोटॅशियम पर्सल्फेटचं द्रावण. त्यानंतर मी फ्लास्कवरची नजर हलवत नाही. मिश्रणावर आधी निळसर झाक येते, कारण कण इतके बारीक असतात की निळा प्रकाशच जास्त विखुरतात. मग बघता बघता त्याचं दूध होतं.

सगळं ठरतं ते त्या निळसर वेळात. पर्सल्फेटपासून सुरू झालेली साखळी पाण्यातले स्टायरिनचे रेणू एकेक करून पकडत लांबते आणि पाण्यात राहवेना की गोळा होते. हे इवले गोळे एकमेकांना चिकटत राहतात. अंगावर पुरेसा ऋण प्रभार साठला की चिकटणं थांबतं, कणांची संख्या कायम होते. उरलेले कित्येक तास नुसती वाढ. त्यातही एक सोय आहे: प्रत्येक कणाच्या वाट्याला सारखंच घनफळ आलं, तर लहान कणाचा व्यास जास्त वाढतो आणि तो मोठ्याला गाठत येतो. फार उशिरा जन्मलेल्याला मात्र तेवढा वेळच मिळत नाही.

पाण्यात क्षार वाढले की प्रभाराचा धाक कमी होतो आणि कण मोठे होतात. म्हणून नळाचं पाणी चालत नाही. तापमान वाढवलं तर कण लहान.

कित्येक मायक्रॉनचे कण हवे असतील तर तयार कणांनाच पुन्हा पुन्हा स्टायरिन पाजावं लागतं. पण एवढे मोठे कण वर तरंगतात, नाहीतर तळाशी बसतात. लीहाय विद्यापीठाच्या जॉन व्हँडरहॉफ यांचा त्यावरचा उपाय मला अजूनही मजेशीर वाटतो: त्यांनी हे काम थेट स्पेस शटलमध्ये नेलं. तिथे बनलेले १० मायक्रॉनचे कण १९८५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने मोजमापाचं प्रमाण म्हणून विक्रीला काढले.

आपलं काम जमिनीवर भागतं. नव्याने हे करू पाहणाऱ्यांनी पर्सल्फेट एकदम ओतावं. थेंबथेंब सोडलंत तर कण जन्मतच राहतील, आणि मग सेंट्रिफ्यूज लावून ते निवडत बसावं लागेल.