प्रागभाव आणि भातखाचर

शनिवार-रविवारच्या ऑनलाइन परिसंवादांतून मी तत्त्वज्ञान आणि भविष्याभ्यास शिकतो. हे दोन विषय एकत्र का बांधले असावेत, हे प्रथम उमगत नव्हते. बर्त्राँ द जूव्हनेल यांनी १९६४ साली अनेक शक्य भविष्यांची मांडणी केली. पडद्यावर ती भविष्ये फाटे फुटलेल्या रेषांसारखी दिसतात. नकोशी रेषा खोडता येते. पुढच्याच आठवड्यात अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तले अभाव आले. घट घडण्यापूर्वी मातीत त्याचा प्रागभाव असतो; त्याला आरंभ नाही, अंत आहे. घट फुटल्यावरच्या प्रध्वंसाभावाला मात्र आरंभ आहे, अंत नाही. (नैयायिकांना घटाखेरीज उदाहरण सुचत नाही. असो.)

मला ते खिडकीतच सापडले. इथे दहिवलीत, उल्हास नदीच्या अलीकडे, भातखाचरांवर भराव पडतो आहे. इमारतीचा प्रागभाव संपण्याआधीच खाचराचा प्रध्वंसाभाव सुरू झालेला असतो, आणि तो न संपणारा. भविष्यांच्या त्या आलेखात ही विषमता कुठे दाखवायची, असे मी विचारले. प्राध्यापकांनी प्रश्न पुढच्या शनिवारसाठी राखून ठेवला आहे. समोरच्या उरलेल्या दोन खाचरांत लावणी चालू आहे.