तारा मिळवताना

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी सतार वाजवणे थांबवले. डाव्या हाताच्या तर्जनीचे आणि मधल्या बोटाचे सांधे धरू लागले होते. तार बाजूला ओढून मींड काढू लागले की सूर आपल्या जागी पोचण्याआधी कळ मनगटापर्यंत पोचलेली असे. मिरजेतील ज्या कारागिराकडे मी वर्षानुवर्षे जवारी काढायला सतार नेत असे, त्यानेच एकदा हातातील कानस बाजूला ठेवत म्हटले, "बाई, हवाईयन गिटार बघा की. तिथं बोटानं तार दाबायची नाही, लोखंड फिरवायचं." त्या एका वाक्याने मी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या सहा तारांच्या गिटारीकडे वळले. तारा मिळवायच्या कशा, हा प्रश्न त्यानंतर चार वर्षे माझ्या मागे लागला.

सतारीच्या माणसाला हा प्रश्न प्रथम कळतच नाही. मुख्य तार मध्यमाला, जोडीच्या तारा षड्जाला, ही व्यवस्था घराण्याने आपल्या हाती दिलेली असते. आपण फक्त खुंट्या पिळायच्या. या गिटारीचे तसे नाही. तिच्या मानेवर पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा असतात. डाव्या हातातील पोलादी कांब तारांवर टेकवून सरकवायची आणि उजव्या हातातील नख्यांनी तारा छेडायच्या. कांब सरळ असते, त्यामुळे सहाही तारा एकाच रेषेत चढतात आणि एकाच रेषेत उतरतात. बोटे तारांवर निरनिराळ्या ठिकाणी ठेवून जे स्वरसमूह साध्या गिटारीवर बांधता येतात, ते येथे आधीच, म्हणजे खुंट्या पिळतानाच, ठरवून ठेवावे लागतात. कांब तिरकी धरून थोडी सुटका करून घेता येते, पण ती थोडीच. वाजवण्यापूर्वी काय काय बोलता येईल हे ठरून जाते, असे वाद्य भाषाविज्ञानाच्या शिक्षिकेच्या हाती पडावे, हा योगच म्हणायचा.

भाषाविज्ञानाच्या घटकात तुम्ही सोस्यूरचा विचार वाचला असेल. भाषिक चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगी नसते, शेजारच्या चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ते येते, असे त्याचे म्हणणे. त्याची व्याख्याने त्याच्या पश्चात १९१६ साली पुस्तकरूपाने आली. त्याच्या आदल्याच वर्षी सान फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला या वाद्याचे वेड लावले होते. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वर्गात हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

वाद्याच्या जन्माचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकु यांना दिले जाते. त्यांचा जन्म १८७४ साली ओआहू बेटावरील लाये गावी झाला. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला लोखंडी खिळा तारांवर घासला आणि नवा ध्वनी हाती लागला, अशी आख्यायिका आहे. आणखीही दावेदार आहेत. त्यांतील गॅब्रिएल डेव्हिअन हा भारतात जन्मलेला खलाशी होता असे सांगतात. विचित्रवीणा व गोट्टुवाद्यम ही घसरत्या गोट्याची वाद्ये आपल्याकडे होतीच, म्हणून काही जण या खलाशाला धागा मानून सारे श्रेय भारताकडे ओढतात. मला ही ओढाताण पटत नाही. गुळगुळीत वस्तू तारेवर सरकवण्याची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. मला अधिक आवडते ते हवाईच्या भाषेने या वाद्याचे केलेले नामकरण. त्या भाषेत व्यंजने अवघी आठ. तिच्यात 'ग'ही नाही आणि 'स'ही नाही. तेव्हा 'गिटार'चे झाले 'कीका' आणि 'स्टील'चे झाले 'किला'. आलेल्या पाहुण्याला तिने आपल्या स्वरांत मिळवून घेतले.

माझे गुरू सांगलीचे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत, पुढे बँकेत नोकरी केली. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. व्हॅन शिपली यांच्या सिनेगीतांच्या तबकड्यांवर त्यांचा पिंड पोसलेला. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच वाद्यावर राग उभा केला, याचा त्यांना घरच्या माणसासारखा अभिमान. तारा मिळवण्याची त्यांची पद्धत एकच होती. खालून वर: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. 'ए' हा षड्ज धरला तर प सा प सा ग प. तंबोऱ्याशी नाते सांगणारी ही जुळणी आहे. कोणतीही तार छेडा, मागे षड्ज-पंचमाची सावली पडते. मला ती पहिल्या दिवसापासून घरची वाटली.

अडचण आली ती भीमपलासीत. भीमपलासीचा गंधार कोमल, आणि माझी दुसरी तार शुद्ध गंधाराला मिळवलेली. मी तिला स्पर्शही करत नव्हते, तरी ती इतर तारांच्या कंपनाने जागी होई आणि बारीक आवाजात आपलाच गंधार गुणगुणत राही. सासरी आलेल्या मुलीने पहिल्याच पंगतीत माहेरची चव सांगावी, तसे काहीसे. सर म्हणत, "बाई, तिला गप्प बसवायला शिका." उजव्या तळहाताची कड तारेवर टेकवून ते स्वतः तिला सहज गप्प करत. माझ्या आखडलेल्या हाताला ते जमेना.

मग मी इतर जुळण्यांच्या शोधाला लागले. हवाईत पूर्वी घराण्याघराण्यांच्या जुळण्या गुप्त असत. साध्या गिटारीच्या तारा सैल करून वाजवण्याची तेथे जी रीत आहे, तिच्यातील कित्येक जुळण्या घराबाहेर जात नसत. आपल्याकडच्या बंदिशींच्या चिजा आठवल्या. विजेवरची गिटार आल्यावर वाद्याचा आवाज मोठा झाला आणि जुळण्याही बदलू लागल्या. बाजारात यशस्वी झालेली पहिली विजेची गिटार ही मांडीवरचीच होती. १९३०नंतरच्या त्या वर्षांत आलेल्या रिकनबॅकरच्या या ॲल्युमिनियमच्या वाद्याला तिच्या आकारावरून लोक 'फ्राइंग पॅन' म्हणत. त्याच काळात सोल होओपिई या हवाईच्या वादकाने बी, डी, ई, जी शार्प, सी शार्प, ई अशी जुळणी रूढ केली. आधीच्या एका जुळणीतील दुसरी तार 'बी'वरून 'सी शार्प'वर नेली की ती हाती येते. एका स्वनिमाच्या बदलाने शब्दाचा अर्थ पालटावा, तसे एका खुंटीने वाद्याची सारी वृत्ती पालटली.

मला मोह पडला तो जेरी बर्ड यांनी लोकप्रिय केलेल्या जुळणीचा. सी, ई, जी, ए, सी, ई. 'सी'ला षड्ज माना, की सा ग प ध सा ग. भूपातला रिषभ तेवढा वगळलेला. आता त्याच तारांवर 'ए'ला षड्ज माना: वरच्या तीन तारांत सा, कोमल ग आणि प उभे राहतात. तारा त्याच, वाचने दोन. 'मी त्याला जेवताना पाहिले' या वाक्यात जेवत कोण होते, मी की तो? वाक्य सांगत नाही, संदर्भ सांगतो. या जुळणीतही कान कोणत्या सुरावर टेकतो, त्यावर सारे ठरते. या एका संदिग्धतेसाठी मी तिच्यावर लुब्ध झाले.

पहिला प्रयत्न फसला तो माझ्या उतावीळपणामुळे. सहावी तार मंद्रातल्या 'ई'ची, जाड. तिला 'सी'वर न्यायचे म्हणजे आठ अर्धस्वर वर चढवायचे. तिच्यासाठी बारीक तार लागते, हे शाळकरी मुलालाही समजावे. मी खुंटी पिळत राहिले. तार तुटली आणि मनगटावर वळ उठवून गेली. मग रीतसर तारांचा नवा संच आणला.

दोन महिने मी त्या जुळणीत रमले. गुरुवारी सरांकडे जाताना जुन्या तारा घालायच्या टाळल्या. मनात थोडी धाकधूक होती, थोडा अहंकारही. वाजवून झाल्यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालचा कुठं गेला?"

मला वाटले, ते जुळणीवर टीका करत आहेत. मी समजावू लागले. त्यांच्या सूनबाई आतून बाहेर आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की वर्षभरात त्यांचे ऐकणे फार उतरले आहे. यंत्र कानात घातले तरी गाणे त्यांना नुसता गोंगाट वाटते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की गेले कित्येक गुरुवार सर माझ्या शेजारी न बसता ध्वनिवर्धकाच्या पेटीशेजारी बसत होते आणि त्यांचा तळहात पेटीच्या लाकडावर असे. मंद्रातल्या ई आणि ए या दोन तारांची थरथर त्यांना तळहाताला कळत होती. तेवढ्यावर ते माझी चूक सांगत होते. नव्या जुळणीतील सर्वांत खालचा सूर त्या 'ई'पेक्षा आठ अर्धस्वरांनी वर होता. मी त्यांच्या हाताखालची जमीनच काढून घेतली होती.

घरी आल्यावर तीन दिवस गिटार उघडली नाही. जुन्या जुळणीकडे परतावे, तर भीमपलासीतला तो शुद्ध गंधार पुन्हा गुणगुणणार. नव्या जुळणीत राहावे, तर गुरुवारी वाजवायचे कोणासाठी? शेवटी कागद घेऊन दोन्ही जुळण्या एकाखाली एक लिहिल्या. वर्गात आपण दोन बोलींचे तक्ते लिहितो तशा. तेव्हा दिसले, की पहिली व तिसरी तार दोहोंत सारखीच आहे. दुसरीत अर्ध्या स्वराचा फरक. चौथीत तीन अर्धस्वरांचा. खरा दुरावा फक्त पाचवी आणि सहावीचा. मग खालच्या दोन तारा सरांच्या ठेवल्या आणि वरच्या चार जेरी बर्ड यांच्या घेतल्या: ई, ए, जी, ए, सी, ई. 'ए' षड्ज मानला तर प, सा, कोमल नी, सा, कोमल ग, प. भीमपलासीचा निम्मा आरोह न शोधता हाताशी आला. चौथी तार मध्यम जाडीची घातली. 'जी'वर ती थोडी ताठ राहते, 'ई'वर थोडी सैल. दोन्हीकडे चालून जाते. सरांची जुळणी हवी झाली की दोन खुंट्या फिरवायच्या, एवढेच.

जाणकार वादक या जुळणीला नाके मुरडतील. चौथी तार खालून येताना तिसरीला अगदी खेटते. मधल्या पट्ट्यात मोठी पोकळी पडते. सरळ कांबेने पाश्चात्त्य गाण्याची साथ करायची तर ती अपुरी पडते. हे सारे खरे आहे. दोन भाषा बोलणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाची भाषा अशीच असते. व्याकरणकाराला ती खटकते आणि घरातल्या माणसांना तिच्याशिवाय चालत नाही.

पुढच्या गुरुवारी मी भीमपलासी लावला. सरांनी तळहात पेटीवर ठेवला आणि डोळे मिटले. पाचवी आणि सहावी एकत्र छेडून मी आलापाला सुरुवात केली. गंधारावरून मध्यमावर कांब सावकाश सरकवली. दुसरी तार या वेळी आपल्याच कोमल गंधारात होती. तिला गप्प करावे लागले नाही. पाचेक मिनिटांनी सरांनी डोळे उघडले आणि हात वर केला.

"सहावी उतरलीय," ते म्हणाले.

मला कानाने काहीच जाणवले नव्हते. मी दोन्ही तारा पुन्हा एकत्र छेडल्या आणि माझाही तळहात पेटीवर टेकवला. लाकडात एक संथ हेलकावा होता. तार नवी होती, अजून ताणत होती. मी खुंटी किंचित पिळली. सरांचा हात पेटीवरच होता. "अजून," ते म्हणाले. मी आणखी पिळली.