एका ठोक्याची गोष्ट, आणि मार्ली मार्ल!

हातातलं काम ठेवा बाजूला! मला मार्ली मार्ल सापडलाय! कोण म्हणून विचारू नका, मलाही परवापर्यंत ठाऊक नव्हता. संगीतातलं मला शष्प कळत नाही. हिपहॉप म्हणजे टोपी उलटी घालून भराभर बोलायचं, एवढीच माझी अक्कल. पण हा माणूस! अहो, हा माणूस!!

तर न्यूयॉर्क. क्वीन्स भाग. तिथे क्वीन्सब्रिज हाउसेस नावाची अवाढव्य सरकारी वसाहत आहे, तीन हजारांवर घरांची! तिथला हा मार्लन विल्यम्स, जन्म १९६२. आणि हा एकाच वेळी दोन उद्योग करत होता, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण खरी गंमत तिथेच आहे! एक म्हणजे रेडिओ. १९८३ साली डब्ल्यूबीएलएस या बड्या स्टेशनवर मिस्टर मॅजिकचा 'रॅप अटॅक' सुरू झाला. मॅजिक माइकवर बोलणार आणि मार्ली रेकॉर्डी फिरवणार. मोठी स्टेशनं रॅपला दारात उभं करत नव्हती तेव्हाची ही गोष्ट! आणि दुसरा उद्योग? घरी बसून गाणी बनवायची. घरी! वसाहतीतल्या घरात!

आता तो प्रसंग. (खुर्ची ओढून घ्या.) मार्ली स्टुडिओत एक रीमिक्स करत होता. सँपलर नावाच्या यंत्रात एका जुन्या रेकॉर्डमधला छोटासा तुकडा पकडायचा होता, आणि चुकून त्या तुकड्याच्या आधीचा स्नेअर ड्रमचा एक ठोका आत आला. एकच ठोका! वैतागून पुसून टाकायचा ना? पण त्याने तो वाजवून पाहिला, आणि मग बाकीच्या तालाबरोबर वाजवून पाहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की अरेच्चा, हा तर यंत्रातल्या कोरड्या ठोक्यापेक्षा कितीतरी भरदार वाजतोय, आणि मग पुढचा विचार आला की असं असेल तर कुठल्याही रेकॉर्डमधला कुठलाही ड्रम आपण उचलू शकतो आणि आपल्याला हवा तसा वाजवू शकतो! चिवड्यातून नेमके शेंगदाणे वेचावेत तसे त्याने ठोके वेचायला घेतले! मला तर हे वाचून घरात फेऱ्या माराव्या लागल्या.

'इम्पीच द प्रेसिडेंट' नावाचं १९७३ चं एक गाणं आहे, हनी ड्रिपर्स यांचं. सुरुवातीला नुसता ड्रम. मार्लीने त्यातला किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) वेगळा काढला, स्नेअर वेगळा काढला आणि त्यांतून स्वतःचा ताल रचला. आणि यंत्रं कुठली? कोर्ग कंपनीचं एक डिले यंत्र, म्हणजे मुळात प्रतिध्वनी काढायचं! त्यात आवाजाचा इवलासा तुकडा साठवता यायचा. रोलँडच्या ८०८ ड्रम मशीनने इशारा दिला, की तो साठवलेला ठोका वाजणार. धाड! त्या तालावर रॅपर एमसी शानचं 'द ब्रिज' आलं, आपल्याच वसाहतीचं गुणगान करणारं. मग ब्रॉन्क्स भागातला रॅपर केआरएस-वन चिडला, गाण्यांतून जुंपली, आणि हे भांडण इतकं गाजलं, इतकं गाजलं, की... २००७ मध्ये त्याच केआरएस-वनने आणि मार्लीने मिळून आख्खा अल्बम काढला! 'हिपहॉप लिव्ह्ज'! आहे की नाही कमाल!

थांबा, रोक्सॅन शांटे राहिलीच! १९८४. चौदा वर्षांची पोर, त्याच वसाहतीतली. कपडे धुवायला निघाली होती हो! वाटेत मार्लीकडे थांबली, माइकसमोर उभी राहिली आणि जागच्या जागी जोडत एका दमात 'रोक्सॅन्स रिव्हेंज' म्हणून मोकळी झाली. यूटीएफओ या गटाच्या गाण्याला दिलेलं ते झणझणीत उत्तर रेडिओवर वाजलं, आणि मग उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर, अशा रेकॉर्डी डझनावारी निघाल्या. आणि ते धुणं? त्याचं काय झालं? मला कोणीतरी सांगा!

आणि १९८६ मध्ये मार्लीकडे राकिम नावाचा रॅपर आला. 'एरिक बी. इज प्रेसिडेंट' म्हणायला. पठ्ठ्या इतका शांतपणे म्हणत होता, की मार्ली आणि शान त्याला सांगू लागले, अरे, जरा जोर लाव! राकिमने ढिम्म ऐकलं नाही, आणि मग त्याच शांतपणाने रॅपची चालच बदलली!

पुढे १९९० मध्ये रॅपर एलएल कूल जे. आधीच्या अल्बमवरून टीका झालेली, बिचारा खट्टू. आजी म्हणाली, दाखव त्यांना तुझा हिसका! त्यातून 'मामा सेड नॉक यू आउट' आलं. निर्माता कोण? आपला मार्ली! गाण्याला ग्रॅमी! ('आपला' म्हणायला मला कोणी परवानगी दिली, विचारू नका.)

आता लक्षात आलं मी दोन उद्योग का घोकत होतो? लोकांना काय वाजवून दाखवायचं हे ज्याला आठवड्याच्या आठवड्याला ठरवावं लागतं, त्याचे कान वेगळेच तयार होतात! तो घरात शेजारपाजारच्या पोरांना माइकसमोर उभं करायचा, आणि त्यांच्या त्या रेकॉर्डी 'रॅप अटॅक'वरून शहरभर घुमायच्या. म्हणून तर एक चुकार ठोका कानावर पडताच तो थबकला. बाकी कोणीही पुसला असता. मी तर नक्कीच!

बरं, आता तुमचं काम. १९८८ चं 'द सिंफनी' लावा. मास्टा एस, क्रेग जी, कूल जी रॅप, बिग डॅडी केन, चौघे एकापाठोपाठ एक, आणि खाली ओटिस रेडिंगच्या जुन्या गाण्यातला पियानो. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही, मलाही निम्मे कळत नाहीत! फक्त स्नेअर ऐका. आवाज वाढवा. अजून! शेजारचे आले, तर त्यांनाही आत घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून लावा!