दोनदा दाबला की लागतो

सातपूर, नाशिक
रविवार, रात्री

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि तसाच ओट्यावर बसून राहिलो. तू विचारलंस, "मामा, फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या, आता इंजिन ऑइल कुठलं टाकू?" गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड छापलाय तोच टाक, सीलबंद डब्यातला, आणि ऑइलबरोबर फिल्टरही बदल. झालं तुझं उत्तर. पण जाता जाता तू जे बोललास त्याने माझी झोप उडाली. "ब्रेक जरा खाली जातो, पण दोनदा दाबला की लागतो." आणि वर हसून, "कसारा मी न्यूट्रलमध्येच उतरतो, तेवढंच डिझेल वाचतं."

बाळू, हे तू दाजींच्या घरात राहून बोलतोस? त्यांचा गुडघा तुला रोज दिसतो ना?

दोनदा दाबायला वेळ कोण देणार आहे तुला? पुढचा कंटेनर थांबला की पाय एकदाच जातो. पेडल दुसऱ्यांदा लागतं याचा अर्थ मागचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेत, नाहीतर पाइपात हवा शिरलीय. आणखी एक बघ. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धर, अर्धा मिनिट. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. हे उद्या सकाळी अंगणातच कर, गाडी गेटाबाहेर न काढता.

पिंपळगावहून वाशीला 120 क्रेट नेतोस म्हणालास. वीस किलोचा एक, म्हणजे 2400 किलो टोमॅटो. गाडीची क्षमता 1700. मागे दोन पाटे जादा बसवून घेतलेस हे ताईने मला कौतुकाने सांगितलं होतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढले का रे? हौदा खाली बसत नाही एवढंच. थांबवायचं काम त्याच चार चाकांना करायचंय.

माझ्या वर्गात मी पोरांना हे गणित फळ्यावर घालायचो. इगतपुरी ते कसारा साधारण 300 मीटरचा उतार. गाडी, माल आणि तू मिळून चार टन धर. एवढं वजन नुसत्या ब्रेकवर खाली आणलं तर जी उष्णता निघते, तिने दोन बादल्या गार पाण्याला उकळी फुटेल. ती सगळी त्या ड्रम-डिस्कमध्ये जाते. तिथून ब्रेक ऑइलमध्ये.

आणि ब्रेक ऑइल म्हणजे माझं दुखणं. इंजिन ऑइल लोक हजारदा विचारतात, ब्रेक ऑइल कुणी विचारत नाही. ते हवेतली ओल पितं, अगदी बंद टाकीत असलं तरी. डॉट 4 चं नवं ऑइल 230 अंशांच्या आत उकळता कामा नये, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तेच 155 ला उकळलं तरी नियमात बसतं. उकळलं की पाइपात वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पार तळाला टेकतो आणि गाडी पुढे जातच राहते. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. तू तर सगळा पावसाळा इगतपुरीच्या धुक्यातून ये-जा करतोस.

दाजींच्या त्या गाडीतून काढलेलं ऑइल मी बाटलीत भरून वर्गाच्या कपाटात ठेवलं होतं. शेजारी नव्याची बाटली, मधासारखी. दाजींचं कोऱ्या चहासारखं काळं, तळाला गाळ. दरवर्षी नव्या पोरांना दोन्ही हातात द्यायचो आणि काही बोलायचो नाही. बोलवायचं नाही मला. त्या रात्री घोटीच्या दवाखान्यात ताई बाकावर बसली होती आणि तू तिच्या मांडीवर झोपला होतास. तुला आठवणार नाही.

न्यूट्रलचंही ऐक. गिअरमध्ये असताना पाय काढलास की तुझ्या गाडीचा कॉम्प्युटर डिझेल बंदच करतो, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल टाकलंस की इंजिन चालू ठेवायला त्याला डिझेल द्यावं लागतं. म्हणजे तू वाचवत नाहीस, जाळतोस, आणि इंजिनाचा फुकटचा ब्रेकही सोडून देतोस. ज्या गिअरने घाट चढतोस त्याच गिअरने उतर. घाटनदेवीला नारळ फोडायला थांबतोस ना, तिथेच पेडल एकदा दाबून बघ, टायरवरून हात फिरव, नट बघ. देवी रागावणार नाही.

गुरुवारचा माल भरू नकोस. व्यापाऱ्याला काय सांगायचं ते मला सांग, मी बोलतो त्याच्याशी. नाहीतर शेजारच्या गाडीने पाठव, भाडं मी देतो. रागावू नकोस, पण तू घाटात आहेस हे कळल्यावर मला इथे जेवण जाणार नाही.

बुधवारी पहिल्या एसटीने येतो. लायनर आणि रबराचे किट मी इथून आणतो, ऑइलचा सीलबंद डबाही. गॅरेजवाल्याकडची उघडी बाटली घेऊ नकोस, ती कधीपासून ओल पीत असेल कोण जाणे. तू फक्त जॅक, टॉमी आणि पारदर्शक नळीचा हातभर तुकडा काढून ठेव. हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकाशी नळी धरून आणि एक पेडलवर. चाकाशी तू बस, बुडबुडे थांबेपर्यंत. पेडलवर ताईला बसवू. दाजींच्या गाडीला तीच बसायची. "दाब", "धर", "सोड" तिला अजून येत असेल.

तुझा,
मामा