टर्की

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ‘टर्की’ हा शब्द रूढ आहे. मादक द्रव्य अकस्मात तुटले की शरीर जे थैमान घालते, त्याचे हे नाव. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलेले ‘कृपा फाउंडेशन’ आणि १९८६ साली पुण्यात अवचट दांपत्याने उभे केलेले ‘मुक्तांगण’ यांच्यामुळे तो आमच्या परिचयाचा होता. पण गर्द ओढणाऱ्यांचा शब्द म्हणून.

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही चार महिने ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घेतल्या, त्याही चिठ्ठीबरहुकूम. वेदना शमल्यावर ‘आता बंद करा’ एवढेच सांगण्यात आले. दुसऱ्या रात्री जांभयांमागून जांभया, डोळ्यांनाकाला धार, अंगावर काटा, पोटात मुरडा. पायांना तर क्षणाचीही स्वस्थता नाही. बोरिवलीची पहाटेची पहिली लोकल गेली तरी आम्ही खोलीत येरझारा घालत होतो. कपाटात दोन गोळ्या उरल्या होत्या. त्या तेथे आहेत, याखेरीज दुसरा विचार मनात टिकेना. प्रार्थनाही नाही.

शरीराचा हिशोब साधा आहे. अफूच्या कुळातले औषध मज्जासंस्थेला रोज शांत करू लागले की तीही आपला जोर वाढवून तोल सांभाळते. औषध गेले की तो जोर तेवढा मागे उरतो. गोळी दुकानातून आली की गल्लीतून, हे शरीर पाहत नाही. ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, ते उगाच नव्हे.

दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करून काही आठवड्यांत थोडी थोडी उतरवली. एक ताकीदही दिली: सवय सुटल्यावर कोणी पूर्वीच्या मात्रेकडे परतला, तर श्वासच थांबू शकतो. रात्री मात्र डॉक्टर नसतात. चर्चची देखभाल करणारे काका मीठ घातलेली पेज घेऊन येत, पाय शेकायला गरम पाणी ठेवत आणि फारसे न बोलता खुर्चीत बसून राहत. त्यांच्या त्या बसण्याचे मोल आम्हास ठाऊक आहे.

एका रविवारी आम्ही हे सारे लोकांना सांगून टाकले. मिस्सानंतर एक बाई थांबल्या. पर्समधून गोळ्यांची अर्धी पट्टी काढून म्हणाल्या, “फादर, ह्यांच्या गुडघ्याच्या आहेत. संपत आल्या की घरात कोणाला उभं करत नाहीत.” आम्ही नाव वाचले. तीच गोळी होती. “आज लगेच बंद करू नका,” एवढे प्रथम सांगितले आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.